सिंहाचे अठ्ठावीस आणि बाकीचे

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या शिकारी सफारींवर पान भरून लेख छापला. मी तो दोनदा वाचला. मेहनतीने लिहिला आहे आणि माहितीही पुष्कळ दिली आहे. वरच्या चित्रात हॅट घातलेला साहेब, हातात बंदूक, पायाशी सिंह. त्याच्या मागे डोक्यावर पेट्या घेतलेल्या माणसांची रांग, चेहरे न दिसणारी. लेखभर सिंह, हत्ती, गेंडा, रानरेडा, बिबट्या यांचे धोके आहेत आणि रांगेविषयी वाक्य आहे एकच, सोबत दोनशेवर हमाल असत म्हणून. त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसले.

मी परिचारिका होते. तेहतीस वर्षांच्या नोकरीतली एकोणीस वर्षं किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात काढली. अस्वलाने ओरबाडलेली, रानडुकराने मांडी फाडलेली, साप चावलेली माणसं माझ्या हातांखालून गेली. शिवाय माझी मुलगी आणि जावई नैरोबीला असतात. २०१८ साली अडीच महिने त्यांच्याकडे राहून आले. तोवर आफ्रिका माझ्यासाठी टीव्हीवरच्या जनावरांपुरती होती. तिथे गेल्यावर ती माणसांची झाली, आणि आपल्या लेखात नेमकी तीच माणसं मला सापडली नाहीत.

आधी भाषेचं थोडं सांगते, कारण मला त्याचं फार नवल वाटलं. पहिल्याच आठवड्यात जिन्याखालच्या विजेच्या पेटीवर कवटीचं चित्र आणि खाली एक शब्द दिसला. मुलगी म्हणाली, "आई, ते हटारी आहे. म्हणजे खतरा." मी म्हटलं, अगं, हा तर आपलाच शब्द. मग मला नादच लागला. दुकानाला तिथे दुका म्हणतात, गाडीला गारी, साबणाला साबुनी, बंदुकीला बुंदुकी. औषधाला दावा. आमच्या निजामी मुलखात तर अजूनही दवाखानाच म्हणतात, रुग्णालय फक्त पाटीवर असतं. सफारी म्हणजे नुसता प्रवास, आपलं सफर. तिथली बाई बाजारला निघाली तरी शेजारीण तिला 'सफारी न्जेमा' म्हणते, नीट जा म्हणते. शिकार त्या शब्दात मुळात नाहीच, ती साहेब लोकांनी घातली. यातले बरेचसे शब्द अरबी व्यापाऱ्यांनी दोन्हीकडे पोचवले आणि गाडी आपल्याकडून तिकडे गेली, असं जावयांनी समजावलं. मोंबासाच्या बाजारात रुपया चालायचा, आणि १९२० पर्यंत तिथल्या सरकारचं चलनही रुपयाच होतं. सफारीतल्या हमालाची मजुरी रुपयांत मोजली जायची. म्हणजे आपल्याला वाटतं तेवढी ती जागा परकी नाही.

नैरोबीला रेल्वेचं एक संग्रहालय आहे. नातवाला इंजिनं बघायची होती म्हणून गेलो. तिथे एक जुना लाकडी डबा उभा करून ठेवला आहे. जून १९०० मध्ये, इंग्रजांनी मोंबासाहून व्हिक्टोरिया सरोवराकडे टाकलेल्या रेल्वेच्या किमा नावाच्या छोट्या स्टेशनावर हा डबा बाजूच्या रुळावर लावला होता. त्या स्टेशनावर एका सिंहाने रेल्वेची माणसं ओढून न्यायला सुरुवात केली होती. त्याला मारायला रायल नावाचा पोलीस अधिकारी दोन सोबत्यांसह त्याच डब्यात रात्री दबा धरून बसला. पाळी लावून जागायचं ठरलं होतं. रायलची पाळी होती आणि त्याचा डोळा लागला. सिंह सरकत्या दारातून आत आला, डबा कलल्यामुळे दार मागे लागून गेलं. खाली झोपलेल्याच्या अंगावर पाय देऊन सिंहाने रायलला धरलं आणि खिडकीतून बाहेर नेलं.

मी त्या डब्यात डोकावले आणि माझे पायच थबकले. भिंतीपासून भिंतीपर्यंतची ती रुंदी माझ्या ओळखीची होती. ती लाईन मीटरगेज, एक मीटर रुंदीच्या रुळांची. आमची मुदखेड-आदिलाबाद लाईन तशीच होती. मनमाड-सिकंदराबाद लाईनही तशीच, आणि ती टाकली गेली ती बरोबर त्याच सुमाराला, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. नोकरी लागली तेव्हा ट्रंक आणि वळकटी घेऊन मी अशाच डब्यातून किनवटला उतरले होते. दोन माणसं समोरासमोर बसली की गुडघे गुडघ्याला लागायचे. एवढ्याशा जागेत सिंह आत आला, तर पळणार कुठे?

रायलचं नाव फलकावर आहे, आणि ते असावंच. त्याच्या आधी त्याच स्टेशनावरून जे गेले, रुळाचा सांधा बदलणारे, सिग्नल देणारे, त्यांची नावं मात्र मला कुठे दिसली नाहीत.

आता आपल्या लेखातल्या त्सावोच्या सिंहांकडे येते. १८९८ साली याच रेल्वेसाठी त्सावो नदीवर पूल बांधताना आयाळ नसलेल्या दोन सिंहांनी नऊ महिने मजुरांच्या छावण्यांत धुमाकूळ घातला. पुलाचे इंजिनिअर पॅटरसन रात्र-रात्र मचाणावर बसले आणि डिसेंबरात त्यांनी दोघांनाही मारलं. त्यांचं धैर्य खरं होतं, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. लेखात सिंहांनी १३५ माणसं खाल्ली असं लिहिलं आहे. तो आकडा पॅटरसन यांनीच नंतर सांगितलेला. त्या सिंहांची कातडी आज शिकागोच्या संग्रहालयात आहेत. त्यांच्या केसांवरून आणि हाडांवरून ते काय खात होते याचा अभ्यास झाला. २००९ साली आलेल्या त्या अभ्यासाचा अंदाज पस्तीसच्या आसपास आहे. खाल्लेली आणि मारलेली माणसं सारखीच असतील असं नाही, हे मान्य. तरी १३५ हा आकडा पक्का म्हणून छापू नये.

पण मला वेगळाच आकडा आपल्यासमोर ठेवायचा आहे. त्या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर नेले होते. बहुतेक पंजाबातले, करारावर गेलेले. सहा वर्षांत त्यातले जवळजवळ अडीच हजार तिथेच मेले आणि सुमारे साडेसहा हजार काम न होण्याइतके आजारी होऊन परत पाठवले गेले. त्या अडीच हजारांत त्सावोच्या सिंहांनी मारलेले हिंदी मजूर किती? अठ्ठावीस. नव्वदात एक.

सिंहाने मारलेल्या अठ्ठाविसांची गोष्ट जगभर सांगतात. बाकीचे हिवतापाने, हगवणीने, पायातल्या चिघळलेल्या जखमांनी, अपघातांनी गेले. मी नर्स आहे, माझं लक्ष पहिल्यांदा तिकडेच जातं. हिवताप डासामुळे होतो हे डॉ. रॉस यांना सिकंदराबादेत दिसलं ते ऑगस्ट १८९७ मध्ये, म्हणजे आपल्याच निजाम राज्यात, आणि तेव्हा ही माणसं समुद्रापलीकडे दलदलीत तंबू ठोकून होती. क्विनीन होतं. पण डास अंगाला बसू द्यायचा नाही, ही गोष्ट कुणी कुणाला सांगावी असा तो काळ अजून आला नव्हता.

मजुरांना भित्रे म्हणण्याची त्या काळच्या लिखाणात रीत होती, आपल्या लेखातही "मजूर पळून गेले" असं एक वाक्य आलं आहे. ते पळाले कसे, हे ऐका. डिसेंबर १८९८ च्या सुरुवातीला शेकडो जणांनी येणाऱ्या गाडीसमोर रुळांवर आडवं पडून ती थांबवली आणि मिळेल त्या डब्यात चढून किनाऱ्याकडे गेले. आपण सरकारचं काम करायला आलो, सिंहाचं पोट भरायला नाही, असं त्यांनी साहेबाला तोंडावर सांगितलं. काम तीन आठवडे बंद पडलं. नऊ महिने कापडी तंबूत, भोवती काटेरी फांद्यांचं कुंपण. तिथे त्याला बोमा म्हणतात. आपल्याकडचे धनगर मेंढरांच्या वाड्याला बोरी-बाभळीच्या काट्या लावतात, तसंच. सिंह त्यावरून उडी मारून किंवा खालून घुसून यायचा. बंदूक एकट्या साहेबाच्या हातात. अशा ठिकाणी नऊ महिने टिकून राहणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. सिंह मेल्यावर याच लोकांनी वर्गणी काढून पॅटरसनना चांदीचा वाडगा दिला. उंगनसिंग जमादाराला सिंहाने तंबूतून नेलं हे आपल्याला ठाऊक आहे, कारण पॅटरसननी त्याचं नाव लिहून ठेवलं. बाकीच्यांची नावं कुठल्या तरी रजिस्टरात असतील.

त्या सिंहांविषयी दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या, त्या लेखातही नाहीत. एक म्हणजे बुळकांडी. १८९० नंतरच्या काही वर्षांत बुळकांडीच्या साथीने आफ्रिकेतली गुरं आणि रानरेडे लाखोंनी मेले. ती साथ १८८७ च्या सुमारास हिंदुस्थानातून नेलेल्या गुरांबरोबर तिकडे गेली असं मानतात. माझे वडील शेतकरी, बुळकांडीचं नाव निघालं की ते गप्प व्हायचे. दावणीची सहा जनावरं एका हप्त्यात गेलेली त्यांनी लहानपणी पाहिली होती. माणसाची दावण ओस पडली तसं रानातलं सावजही संपलं, आणि सिंहाला तंबू दिसले. दुसरं म्हणजे दात. त्या दोघांपैकी पहिल्या सिंहाचा सुळा मोडलेला होता आणि मुळाशी गळू झालं होतं, असं त्याची कवटी तपासणाऱ्यांना आढळलं. दाताच्या मुळाशी पू झालेला माणूस रात्री दोनला दवाखान्याचं दार कसं वाजवतो ते मी पाहिलं आहे. त्या जबड्याने झगडणारी रानम्हैस धरवत नसणार.

आता जखमेकडे येते. खरं म्हणजे मला सगळ्यात जास्त हेच सांगायचं आहे.

आपल्या लेखात १९११ च्या जॉर्ज ग्रे यांची हकीकत दोन ओळींत आली आहे. ते ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सर एडवर्ड ग्रे यांचे भाऊ. नैरोबीजवळच्या माळावर घोड्यावरून सिंहाच्या फार जवळ गेले, सिंहाने त्यांना खाली पाडून फाडलं, सोबत्यांनी सिंह मारला. लेखात लिहिलं आहे, सिंहाने ठार केलं. तसं झालं नाही. ग्रे जिवंत इस्पितळात पोचले आणि काही दिवसांनी तिथे वारले. सिंहाच्या नखांत आणि दातांत कुजलं मांस असतं. ते खोल मांसात जातं, वर कातडी मिटते आणि आत सडायला लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, जखमेच्या कडा काळ्या, वास. तेव्हाच्या डॉक्टरांच्या हातात परमँगनेटचं पाणी आणि कार्बोलिक, बस एवढंच. पेनिसिलिन सापडलं १९२८ ला, आणि रोग्यापर्यंत पोचायला १९४० उलटावं लागलं. त्या काळात सिंहाच्या तावडीतून सुटलेले कितीतरी जण पुढच्या आठवड्यात खाटेवर गेले.

हे मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. होळी झाली की आमच्याकडे मोहाची फुलं गळतात. पहाटे अंधारात बाया-माणसं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर झाला तर दुसरा वेचून नेतो. अस्वलालाही मोह आवडतो, तेही त्याच वेळी त्याच झाडाखाली येतं. माणूस वाकलेला, अस्वल वाकलेलं, दोघांची नजर खाली. अचानक समोरासमोर आलं की अस्वल उभं राहतं आणि सरळ तोंडावर येतं. वारुळं उकरायची लांब नखं आहेत ती. कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा सोलून निघतो.

एका वर्षी आठ दिवसांच्या अंतराने असे दोघे आले. पहिला पंचविशीतला, कोलामपोडावरचा. त्याला बाजेवर घालून चौघांनी आठ किलोमीटर आणलं होतं. बायकोने जखमेत हळद आणि तंबाखू भरली होती. मी आधी ते सगळं काढलं. साबण लावून हापशाचं पाणी बादल्या-बादल्यांनी ओतत राहिले, एक जण हापसत होता आणि एक जण त्याचं डोकं धरून होता. तो माणूस ओरडत होता आणि मी हात थांबवत नव्हते. डॉक्टर आले, त्यांनी टाके घातले नाहीत, जखम उघडी ठेवून पट्टी केली, धनुर्वाताचं आणि पिसाळीचं इंजेक्शन सुरू केलं, प्रतिजैविकं दिली आणि आदिलाबादला पाठवला. नांदेडपेक्षा तेच जवळ. तो वाचला. एक डोळा गेला. पुढे किती तरी वर्षं तो बाजारात भेटला की "सिस्टर" म्हणून हाक मारून टोपलीतली चारोळी हातावर ठेवायचा.

दुसऱ्याला घरच्यांनी आधी जवळच्या एका खासगी ठिकाणी नेलं होतं. तिथे जखम वरवर पुसून घट्ट शिवली. दिसायला फार सुरेख शिवलेली होती. पाचव्या दिवशी तो आमच्याकडे आला तेव्हा चेहरा फुगून डोळे दिसत नव्हते. टाके कापल्यावर जे बाहेर आलं ते इथे लिहीत नाही. नांदेडच्या वाटेवर भोकरच्या पुढे गाडीतच गेला. त्याची आई शेजारी बसून विचारत होती, "जनावर तर केव्हाचं पळून गेलं, मग हा कशानं चालला, माय?"

ग्रे यांची हकीकत वाचताना मला तीच बाई आठवली.

सफारीत साहेबाला जखम झाली तर निदान इस्पितळापर्यंत न्यायला माणसं होती. ती माणसं कोण, तर रांगेतलीच. तिथे हमालाला पगाझी म्हणत. एका पगाझीचं ठरलेलं ओझं साठ पौंड, म्हणजे सत्तावीस किलो, वर त्याचं स्वतःचं अंथरूण आणि पीठ. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ च्या एप्रिलमध्ये मोंबासाला उतरले आणि जवळजवळ वर्षभराने सुदानातल्या खार्टूमला पोचले. त्या स्वारीत त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ मोठी जनावरं मारली. वॉशिंग्टनच्या संग्रहालयासाठी उंदरा-पाखरांसकट अकरा हजारांवर नमुने गोळा झाले. हे सगळं लेखात आहे. कातडी खारवायला चार टन मीठ नेलं होतं, तेही आहे. ते मीठ चालत गेलं नाही. रेल्वेने जाईल तिथवर गेलं, पुढे डोक्यावरून. रूझवेल्टना वाचनाची आवड. त्यांनी डुकराच्या कातड्यात बांधून घेतलेल्या पुस्तकांची पेटी सोबत ठेवली होती, आणि तिचं वजन मुद्दाम साठ पौंडांच्या आत बसवलं होतं, एका माणसाचं ओझं व्हावं म्हणून. त्या एका माणसाचा मी फार विचार केला. उन्हातान्हात काट्याकुट्यातून अनवाणी, डोक्यावर न वाचता येणारी पुस्तकं. गेंडा गवतातून उठून रांगेवर धावून आला की त्याने काय करायचं? ओझं टाकून झाडावर चढायचं, एवढंच. गेंड्याला नजर कमी, वास आला की येईल त्या दिशेने धावतो आणि रांग लांबलचक असते. मागे कुठे तरी चाललेल्या माणसापर्यंत साहेबाची बंदूक पोचत नाही.

त्याहून अवघड काम बंदूक सांभाळणाऱ्याचं. साहेबाच्या खांद्याशी उभं राहायचं, हातात भरलेली दुसरी बंदूक, रानरेडा समोरून येत असताना ती साहेबाच्या हातात द्यायची. स्वतः झाडायची नाही, अशी रीत. साहेबाचा नेम चुकला तर दोघंही सापडणार. लेखात रानरेड्याचं वर्णन फार चांगलं केलं आहे, जखमी झाल्यावर तो झुडपात वळसा घालून माग काढणाऱ्याचीच वाट बघतो ते. पण माग काढायला पुढे कोण चालायचं? साहेबाच्या चार पावलं पुढे, जमिनीकडे बघत, हातात भाला घेतलेला तिथलाच माणूस.

संग्रहालयांसाठी जनावरं पेंढा भरून उभी करणारे अमेरिकेचे कार्ल एकली, त्यांची गोष्ट लेखात आहे. १९१० साली केनिया पर्वतावर हत्तीने त्यांना जमिनीवर दाबलं, ते सुळ्यांना धरून मधल्या जागेत राहिले म्हणून वाचले. चेहरा फाटला, बरगड्या मोडल्या. लेखात म्हटलं आहे, हमाल त्यांना टाकून पळाले. ते मेले असं हमालांना वाटलं होतं आणि प्रेताला हात लावायचा नाही अशी त्यांची समजूत होती, हे एकलींच्या बाजूनेच नोंदलं गेलं आहे. खाली तळावर निरोप पोचला तेव्हा त्यांची पत्नी डेलिया रात्रीच निघाली. दाट जंगलातून, पावसातून, हत्तींच्या वाटेने. तिच्याबरोबर कोण होतं? हमालच. ती मोठ्या धीराची बाई. पण त्या रात्री त्या वाटेवर चालणारा प्रत्येक माणूस तेवढ्याच अंधारात चालत होता.

पाणघोडे, मगरी, साप यांवर लेखात पुरेसं आलं आहे, त्यात माझी काही भर नाही. मात्र सगळ्यात लहान जनावरं राहून गेली. तिथे जिगर नावाची पिसू आहे. १८७२ साली ब्राझीलहून जहाजातून ती आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि पंचवीस-तीस वर्षांत माणसांच्या पायांबरोबर पूर्व किनाऱ्यावर पोचली. पायाच्या नखाखाली घुसून ती वाटाण्याएवढी होते. बूट घालणाऱ्याला त्रास कमी. अनवाण्याची बोटं सडून गळायची. सुईने अख्खी काढावी लागते, आत फुटली तर पू होतो. हे ऐकल्यावर मला नारूचा जंत आठवला. माझी पहिली नेमणूक बीड जिल्ह्यात होती. बारवेत उतरून पाणी भरणाऱ्या बायांच्या पायातून दोन-दोन फूट नारू काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत आम्ही काढायचो. ओढायची घाई केली, तुटला, की पाय सुजून बाई महिनाभर घरात. २००० साली आपला देश नारूमुक्त जाहीर झाला, तेव्हा आम्ही जुन्या नर्सा एकमेकींना फोन करून बोललो होतो. आणि निद्रारोग पसरवणारी तिथली त्सेत्से माशी! १९०० नंतरच्या वीस वर्षांत व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी युगांडात निद्रारोगाने सुमारे अडीच लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. साहेब लोक त्याच काळात त्याच मुलखातून शिकारीला जात होते. माशीची कातडी कुणी भिंतीवर लावत नाही, म्हणून तिची गोष्ट चित्रात येत नाही.

आपल्याकडेही तसंच होतं आहे, म्हणून हे लांबण लावलं. २०२० च्या शेवटी आष्टी आणि करमाळ्याकडे बिबट्याने माणसं मारली तेव्हा महिनाभर प्रत्येक वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर बिबट्या होता. अलीकडे टिपेश्वरकडून निघालेला वाघ येडशीच्या रामलिंग घाटात पोचला तेव्हाही तसंच झालं. छापायलाच हवं, लोक रात्री पाणी द्यायला शेतात जातात. पण आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत साप चावून सुमारे बारा लाख माणसं मेली. त्यात बहुतेक अनवाणी, शेतात किंवा घरात जमिनीवर झोपलेली. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, चावल्याचं कळतही नाही, सकाळी पापण्या मिटलेल्या. दंशावर ब्लेडने चिरा देऊन परमँगनेट भरण्याची रीत शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकांत होती. ती मी नव्वदीतसुद्धा एका वस्तीवर पाहिली, पोराचा पाय चिरून लाल केलेला. त्या चिऱ्यांनी विष निघत नाही, रक्त जातं आणि वेळ जातो.

लेखकांवर माझा राग नाही. त्यांनी पुढचा भाग लिहायचं म्हटलं आहे. त्यात पगाझींवर, बंदूक धरणाऱ्यांवर, त्सावोच्या बाकीच्या मजुरांवर निदान अर्धं पान द्यावं, एवढी विनंती करते. पुढे पहिल्या महायुद्धात याच ओझेवाल्यांना सैन्याची रसद वाहायला धरून नेलं, आणि त्यातले हजारो परत आले नाहीत. नैरोबीत करिओकोर नावाचा बाजार आहे, मुलीने मला तिथून सुतळीची टोपली घेऊन दिली. ते नाव 'कॅरियर कोअर' याचंच झालेलं रूप आहे, तिथे त्यांची छावणी होती. मी त्या टोपलीत भाजी आणते. बाजारच्या दिवशी कुणी ना कुणी विचारतं, ही कुठली टोपली.

दुसरी विनंती तातडीची आहे. मोह गळायला लागला आहे. पुढे मे महिन्यात तेंदूपत्ता. येत्या आठवड्यात आपल्या नांदेड-हिंगोलीच्या पानावर एक चौकट छापावी. जनावराने फाडलं, चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, तंबाखू, चुना, राख काही भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन पिसाळीची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं, जखम खोल असेल तर पिसाळीचं सिरम मागून घ्यावं, ते तिथे नसेल तर कुठे मिळेल ते लिहून घ्यावं. जखम लगेच शिवून घेऊ नये. साप चावला तर चिरू नये, आवळून बांधू नये, तो अवयव हलू न देता दवाखाना गाठावा. अक्षर मोठं ठेवा, पाड्यावर शाळेतली मुलं ते वाचून दाखवतात.

पहाटे झाडाखाली जाताना दोघा-तिघांनी मिळून, बोलत किंवा डबा वाजवत जावं, हेही त्यात घाला. अस्वलाला आधी चाहूल लागली तर ते बहुतेक वेळा आपणहून बाजूला होतं. हे मला त्या एका डोळ्याच्या माणसाने सांगितलं होतं, आणि तो पुढची वीस वर्षं मोह वेचायला जात राहिला.

आपली नित्य वाचक,
एक निवृत्त परिचारिका
किनवट, जि. नांदेड
(नाव व पत्ता सोबत वेगळ्या कागदावर दिला आहे. तो छापू नये.)